सेवा शिकून करावी, कागद पाहून शिकावे

जून महिना उजाडला की माहूरच्या बसस्थानकाच्या भिंतींवर नवे कागद चिकटतात. 'नर्सिंग करा, हमखास नोकरी मिळवा', 'दहावी पास-नापास, सहा महिन्यांत प्रमाणपत्र', आणि खाली फोन नंबर. बारावी झालेल्या आपल्या वस्तीतल्या मुली ते नंबर वहीत उतरवून घेतात आणि रविवारी त्यांचे आईबाप आम्हाला विहारात गाठतात. "दादा, पोरीला नर्स करावं म्हणतो. पंचवीस हजार मागायलेत. भरू का?"

आम्ही डॉक्टर नव्हे. कचेरीतले कारकून, शिक्षण बी.कॉम. परंतु अर्ज, पावती, शिक्का आणि मान्यतेचा क्रमांक पाहण्यात आमची वीस वर्षे गेली आहेत. शिवाय या विषयात आम्ही घरातच दोनदा ठेच खाल्ली आहे. म्हणून प्रत्येकाला विहाराच्या पायरीवर सांगण्यापेक्षा सर्वांना एकदाच सांगावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

वडिलांची पाठ

पहिली ठेच आमच्या वडिलांच्या आजारपणात लागली. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. नांदेडला दवाखान्यात पंधरा दिवस काढून आम्ही त्यांना माहूरला घरी आणले. औषधाच्या गोळ्या वेळेवर, खाणे वेळेवर, सर्व काही व्यवस्थित चालले आहे असे आम्हाला वाटत होते. गोळ्यांचा हिशेबसुद्धा आम्ही वहीत ठेवला होता. महिनाभराने घरात वास येऊ लागला. अंगरखा वर करून पाहतो तर कंबरेच्या खाली मांस उघडे पडलेले. आमच्या घरात पदवीधर माणूस होता, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलावी लागते एवढे त्याला ठाऊक नव्हते.

गल्लीतली एक मुलगी तेव्हा नांदेडला एका दवाखान्यात रुग्णसहायक म्हणून कामाला होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुट्टीत ती गावी आली होती. तिने वडिलांना पाहिले आणि पदर खोचला. "काका, आजोबाला असं एकाच अंगावर ठेवू नका. दर दोन घंट्याला कूस बदला. चादरीला घडी राहू देऊ नका. आणि ही जखम आजच डॉक्टरला दाखवा." पाठीमागे उशी कशी लावायची, दोन गुडघ्यांच्या मध्ये कापड कसे ठेवायचे, माणसाला न ओढता चादरीसकट कसे सरकवायचे, हे तिने आमच्या हाताला हात धरून शिकवले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जखम साफ करून पट्टी कशी करायची ते सांगितले. पुढच्या तीन महिन्यांत जखम भरून आली. वडील त्यानंतर दीड वर्ष जगले आणि गेले तेव्हा त्यांच्या पाठीवर जखम नव्हती.

ती मुलगी दहावी शिकलेली. तिच्या ज्ञानाला आम्ही आजही नमस्कार करतो.

काम जुने, मान नवा

आपल्या घरांतून एक शंका नेहमी निघते. "पोरीनं लोकांची घाण काढायची का? त्यासाठीच का बाबासाहेबांनी आपल्याला गावकीतून सोडवलं?" ही शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत बाळंतपण करणारी, नाळ कापणारी सुईण महार-मांगांच्याच घरची असे. तिच्या हातून मूल जन्मायचे आणि बाराव्या दिवशी तिलाच उंबऱ्याबाहेर बसवून भाकर वाढायची. कसब तिचे होते, मात्र मोल नव्हते आणि मान तर नव्हताच. गावाची ती वेठ आपण सोडली ते योग्यच झाले.

पण वेठ वेगळी आणि विद्या वेगळी. महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी डोक्याकडून व पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. त्यानंतर संघाला समज दिली की, इथे तुमची आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार?

त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करून देता यावे. रोग्याला काय चालते आणि काय चालत नाही हे कळावे. त्याने लोभाने नव्हे, मैत्रीने सेवा करावी. मल, मूत्र, थुंकी, वांती काढताना त्याला किळस वाटू नये. आणि रोग्याला धीराचे चार शब्द सांगता यावेत. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या वर्गातल्या फळ्यावर लिहिली तरी फारसे खोडावे लागणार नाही.

सावित्रीबाई फुले यांचा शेवटही आठवावा. १८९७ च्या प्लेगात डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसर भागात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे पोहोचवले, आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या कामासाठी आपल्या पहिल्या शिक्षिकेने प्राण दिले, ते काम हलके कसे म्हणावे? हलके आहे ते विनाशिक्षण, विनामोबदला, विनाहातमोजे करून घेणे.

शिकवतात तरी काय?

रुग्णसहायकाच्या चांगल्या वर्गात पहिला धडा हात धुण्याचा असतो. साबणाने, तळवा, पंजाची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे, असे क्रमाने, चाळीस ते साठ सेकंद. ऐकायला सोपे वाटते; पण रुग्णालयातला संसर्ग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो तो बहुतेक हातांवाटेच.

त्यानंतर ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजून कागदावर नोंदवणे. रोग्याला खाटेवरच अंघोळ घालणे, तोंड धुणे, बेडपॅन देणे, ते देताना पडदा ओढून त्याची लाज राखणे. गिळता न येणाऱ्याला बसते करून छोट्या घासांनी भरवणे. चाकाच्या खुर्चीवर नेणे, पडण्यापासून जपणे. लघवी किती झाली, पाणी किती प्यायला हे लिहून ठेवणे. आणि काही बिघडलेले दिसताच परिचारिकेला ताबडतोब सांगणे. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, गोळी बदलणे हे तिचे काम नव्हे. आपली हद्द ओळखणे हासुद्धा शिक्षणाचाच भाग आहे.

कचऱ्याचाही धडा असतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताने भिजलेला कापूस, पट्ट्या पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या व प्लास्टिक लाल पिशवीत. सुया आणि पाती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. हे आमच्या वाचकांनी मुद्दाम वाचावे, कारण दवाखान्यात झाडू-पोछा आणि कचरा वाहण्याचे काम आपलीच माणसे अधिक करतात. टाकलेली सुई टोचली तर त्यांना टोचते. सुई टोचल्यास जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, आणि लगेच डॉक्टरांना सांगावे. एच.आय.व्ही. टाळण्याचे औषध लागणार असेल तर ते जितके लवकर तितके चांगले, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस कर्मचाऱ्यांना देणे ही त्याच नियमांनुसार रुग्णालयाची जबाबदारी आहे. तो उपकार नव्हे, हक्क आहे.

नावे सारखी, कागद वेगळे

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आपले लोक पांढरा कोट घातलेल्या प्रत्येकीला 'नर्स' म्हणतात. फसवणूक इथूनच सुरू होते. म्हणून चार पायऱ्या नीट लक्षात ठेवाव्यात.

पहिली, आशा कार्यकर्ती. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हापासून ही योजना आहे. गावातलीच बाई निवडतात आणि तिला टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण देतात. तिला मिळतो तो कामावर आधारलेला मोबदला, पगार नव्हे.

दुसरी, रुग्णसहायक, म्हणजे 'जनरल ड्युटी असिस्टंट'. हा काही महिन्यांचा कौशल्य शिक्षणक्रम आहे. आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषद त्याचा अभ्यासक्रम ठरवते आणि बाहेरचा परीक्षक येऊन परीक्षा घेतो. २०१४ सालच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत आणि २०१५ सालच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत हा शिक्षणक्रम उमेदवाराकडून फी न घेता शिकवला गेला आहे. कोरोनाच्या काळात, जून २०२१ मध्ये, केंद्र सरकारने २६ राज्यांतल्या १११ केंद्रांवर एक लाखाहून अधिक लोकांना अशाच सहा प्रकारच्या कामांचे तातडीचे शिक्षण देण्याचे ठरवले होते. म्हणजे या कामाची गरज सरकारलाही संकटात कळली.

तिसरी, सहाय्यक परिचारिका प्रसाविका, म्हणजे ए.एन.एम. बारावीनंतर दोन वर्षे. उपकेंद्रात जी 'सिस्टर' लस टोचते, ती ही.

चौथी, जी.एन.एम. बारावीनंतर तीन वर्षे, बारावीला इंग्रजी व किमान ४० टक्के गुण लागतात. रुग्णालयात वॉर्ड सांभाळणारी परिचारिका ती हीच. त्यापुढे बी.एस्सी. नर्सिंग आहेच.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीची नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते. ही नोंदणी ज्या शिक्षणाने मिळत नाही, त्या शिक्षणाने मुलगी परिचारिका होत नाही. दुसरी पायरी वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. दहावीवर शिक्षण थांबलेल्या मुलीला ती प्रतिष्ठेची भाकर देते. पण दुसऱ्या पायरीचा कागद तिसरीच्या किमतीला विकला जातो, तेव्हा घर बुडते.

आमच्या पुतणीचे प्रमाणपत्र

हे आम्ही अनुभवाने लिहीत आहोत. दुसरी ठेच ती हीच. आमची पुतणी बारावी झाली तेव्हा शहरातल्या एका खाजगी संस्थेने 'एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा' देऊ केला. भावाने मोंढ्यातल्या हमालीतून साठवलेले पैसे आणि वहिनीचे मंगळसूत्र मोडून फी भरली. आम्ही त्या वेळी संघटनेच्या कामात गुंतलो होतो. भावाने कागद दाखवला, त्यावर सोनेरी बिल्ला आणि लांबलचक नाव पाहून आम्हीही मान हलवली. दुसऱ्याच्या अर्जातली काना-मात्रा काढणारे आम्ही, घरच्या कागदावर परिषदेचे नाव आहे की नाही हे पाहिले नाही. ही चूक आमची.

वर्षभराने ए.एन.एम. पदाच्या भरतीत तिचा अर्ज कागदपत्रांच्या तपासणीतच बाद झाला. नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात लिहायला काही नव्हते. मग एका छोट्या दवाखान्यात ती लागली. काम परिचारिकेचे, पगार मदतनिसाचा, आणि काही चुकले असते तर सर्व दोष तिच्या माथी. दोन वर्षे तिने असे काढली. त्यानंतर वय उरलेले होते म्हणून तिने मान्यताप्राप्त संस्थेत ए.एन.एम. ला नव्याने प्रवेश घेतला. आज ती नोंदणीकृत आहे. पण गेलेली तीन वर्षे आणि वहिनीचे मंगळसूत्र कोणत्या खिडकीवर परत मागायचे?

म्हणून पैसे भरण्यापूर्वी संस्थेला पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तर तोंडी घेऊ नये, कागदावर घ्यावे.

शिक्षणक्रमाचे नेमके नाव काय आणि त्याला मान्यता कोणाची? ए.एन.एम. वा जी.एन.एम. असेल तर परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत या संस्थेचे नाव आहे का? रुग्णसहायक असेल तर परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्रावर सही कोणाची? वॉर्डातले प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात, किती खाटांच्या, किती दिवस? फीची पावती पूर्ण रकमेची मिळणार का? आणि मूळ गुणपत्रिका, टी.सी. संस्था आपल्याजवळ अडकवून तर ठेवणार नाही ना?

एक कारकुनी युक्तीही सांगतो. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळते. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत बौद्धांचाही समावेश झाला आहे. ही शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त शिक्षणक्रमालाच असते. ए.एन.एम. किंवा जी.एन.एम. शिकवतो म्हणणाऱ्या संस्थेला विचारा, "तुमच्याकडे शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता येतो का?" तिथे उत्तर अडखळले तर तिथूनच माघारी फिरा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला हे कागद मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा. जूनच्या गर्दीत तहसीलच्या खिडकीवर मुलीचे भविष्य अडकवू नका.

शिकलेली बाई गाव कसे बदलते

"आमची पोरगी काय हुशार नाही," असे म्हणणाऱ्यांनी जामखेड आठवावे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केले. गावोगावच्या बायका निवडल्या. अनेकजणींना सही येत नव्हती, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्या बायका जामखेडला येऊन एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकत. मीठ-साखरेच्या पाण्याने हगवणीतले मूल वाचते, गरोदर बाईने काय खावे, हे त्यांनी गावात नेले. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या हातात लोक आपली मुले देऊ लागले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली ते छापून आले. आपल्या मराठवाड्यातही तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या बायकांमधून 'भारतवैद्य' तयार केल्या. जात, इंग्रजी आणि शहर यांवाचून ही विद्या अडत नाही. ती अडते नीट शिकवणाऱ्यावाचून.

माहूरला याची गरज का आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. एका बाजूला पैनगंगा, चहूकडे डोंगर. गडावर वर्षभर यात्रा, चढणीवर छातीला हात लावून बसणारे म्हातारे. वानोळा, सिंदखेड, वाई बाजारच्या पलीकडच्या तांड्या-पाड्यांतून रोग्याला आणायचे ते जीपने वा मोटारसायकलवर. नांदेडचे मोठे रुग्णालय शंभरावर किलोमीटर दूर. आणि तिथेही हातांची वानवा. २०२३ च्या सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरच्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, औषधांबरोबर अपुऱ्या मनुष्यबळाचाही प्रश्न पुढे आला. यंत्रे आणली तरी खाटेशेजारी शिकलेला माणूस लागतोच.

आणखी एक दुखणे आपल्या घरातले आहे. सिकलसेल हा आदिवासी बांधवांत आढळतो तसा पूर्वाश्रमीच्या महार, आजच्या बौद्ध कुटुंबांतही आढळतो. अंगदुखीने तळमळणाऱ्या मुलाला भरपूर पाणी पाजणे, थंडीपासून जपणे, ताप आला की वाट न पाहता दवाखान्यात नेणे, लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करून घेणे, हे सांगणारी एक शिकलेली मुलगी वस्तीत असली तर कितीतरी घरांचा त्रास वाचेल.

शेवटी दोन शब्द

हे शिक्षण फक्त मुलींसाठी आहे, असे समजू नये. रुग्ण उचलायला, पुरुष रोग्याला अंघोळ घालायला शिकलेली मुले हवी आहेत. चौकात बसून मोबाइल घासणाऱ्या आमच्या तरुणांनी विचार करावा.

आणि नोकरी लागल्यावरही डोळे उघडे ठेवावेत. रुग्णसहायक म्हणून घेतात आणि आडनाव पाहून झाडू हाती देतात, असे घडले तर गप्प बसू नये. सफाईचे काम कमी प्रतीचे नाही. पण ते कोणाला द्यायचे हे जातीने ठरत असेल तर तो अन्याय आहे. नेमणुकीचे पत्र घ्यावे, त्यात कामाचे स्वरूप लिहून घ्यावे, भविष्यनिर्वाह निधी कापतात का पाहावे.

आमच्या विहारात आता निकालानंतरच्या दर रविवारी आम्ही तासभर बसतो. कोणीही माहितीपत्रक घेऊन यावे, आम्ही मिळून वाचतो. पुतणी सुट्टीवर आली की तीही येऊन बसते. मुलींना ती नोंदणीचे कार्ड दाखवते आणि खालच्या बाजूला पिशवीतून ते जुने सोनेरी बिल्ल्याचे प्रमाणपत्रही काढून ठेवते. "हे दोन्ही हातात धरून बघा गं," म्हणते. मुली बघतात. मग प्रश्न आपोआप सुटतो.

आपल्या गावातही अशी बैठक सुरू करावी. त्यासाठी निधी लागत नाही, एक सतरंजी आणि चष्मा पुरतो.

जयभीम.